ती दोघे इतकी जवळ आली कशी?

गेल्या अंकात या सदरात कृष्णविवरांविषयी लिहिताना मी एक वाक्य सहज लिहून गेलो : दोन ताऱ्यांची दोन कृष्णविवरे झाली, ती एकमेकांभोवती फिरत राहिली आणि अखेर एकरूप झाली. त्या वाक्यावर एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही, हे त्यांना मान्य आहे. अशी दोन विवरे एकमेकांत विलीन झाली, हेही मान्य आहे. त्यांची शंका निराळी आहे. अवकाश एवढे ओस असताना ती दोघे एकमेकांच्या इतक्या जवळ आली कशी? आणि हे घडताना कोणी पाहिले नसेल, तर शास्त्रज्ञ, आणि त्यांच्या मागोमाग आपण सदरलेखक, ते इतक्या खात्रीने कसे सांगता?

पत्र वाचून मी थोडा ओशाळलो, हे कबूल करतो. माझे ते वाक्य चुकीचे नव्हते. परंतु ‘ती एकमेकांभोवती फिरत राहिली’ या चार शब्दांखाली आजच्या खगोलशास्त्रातील एक अवघड कोडे मी झाकून टाकले होते. तेव्हा वाचकहो, या महिन्याचा सगळा लेख त्या चार शब्दांसाठी.

आरंभ करू १४ सप्टेंबर २०१५ या दिवसापासून. सोमवार होता. आपल्याकडे गणेशचतुर्थी तीन दिवसांवर आली होती. भारतीय वेळेनुसार दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन येथील ‘लायगो’ वेधशाळेच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये अतिसूक्ष्म कंप उमटला आणि सात सहस्रांश सेकंदांनी तोच कंप तीन हजार किलोमीटरांवरील हॅनफर्ड येथील वेधशाळेत पोहोचला. चार किलोमीटरांच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या भागाएवढा होता. सारा प्रकार एका सेकंदाच्या पाचव्या भागात आटोपला. पाच महिने पडताळणी करून ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जगाला सांगण्यात आले, की सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकरूप होऊन ६२ सौरवस्तुमानांचे एक विवर झाले. बेरजेत तीन सूर्य कमी पडतात. तेवढे वस्तुमान गुरुत्वीय लहरींच्या रूपाने विश्वात पसरून गेले होते.

त्या दिवशी आनंद झाला तो लहरी सापडल्याचा. परंतु ताऱ्यांच्या जीवनक्रमाचा अभ्यास करणाऱ्या मंडळींचे लक्ष दोन आकड्यांवर खिळले : ३६ आणि २९. तोवर आपल्या आकाशगंगेत क्ष-किरणांमुळे सापडलेली ताऱ्यांपासून झालेली कृष्णविवरे बहुधा सूर्याच्या पाच ते पंधरापट वस्तुमानाची होती. एवढी जड विवरे, तीही जोडीने, आली कोठून?

आता भगिनींच्या शंकेकडे वळतो, कारण ती नेमकी मर्मावर बोट ठेवणारी आहे. एकमेकांभोवती फिरणारी दोन कृष्णविवरे गुरुत्वीय लहरींमुळे सतत थोडी थोडी ऊर्जा गमावतात आणि जवळ सरकतात, हे खरे. पण हा व्यय अंतर वाढताच विलक्षण वेगाने मंदावतो. अंतर दुप्पट केले तर मीलनाची प्रतीक्षा सोळापट होते. सूर्याच्या तीसपट वस्तुमानाची दोन विवरे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील अंतराएवढी दूर ठेवली, तर त्यांचे मीलन व्हायला सुमारे सहा लाख कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय अवघे १३८० कोटी वर्षे आहे! विश्वाच्या आजवरच्या आयुष्यात हे मीलन उरकायचे असेल, तर दोन विवरांमधील अंतर आरंभीच साडेतीन कोटी किलोमीटरांच्या आत हवे. बुध सूर्यापासून याहून दूर आहे.

अंतर कमी हवे, एवढेच असते तर कोडे पडले नसते. जन्मापासून जवळ असलेले दोन तारे घेतले, की काम भागले असते. अडचण अशी, की कृष्णविवर होण्याइतका जड तारा मृत्यूपूर्वी प्रचंड फुगतो. हिवाळ्यात मृगनक्षत्रातील तांबूस काक्षी आपण सारे पाहतो. तो सूर्याच्या जागी ठेवला, तर बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे चारही ग्रह त्याच्या पोटात जातील. असे दोन तारे बुधाच्या कक्षेएवढ्या जागेत मावणार कसे? ते जन्मतः जवळ असतील, तर फुगताना एकमेकांत मिसळून एकच तारा होईल आणि जोडी संपेल. जन्मतः दूर असतील, तर दोघांची दोन विवरे होतील खरी. पण विश्वाच्या अंतापर्यंत एकमेकांना दुरूनच प्रदक्षिणा घालत राहतील. जगण्यासाठी दुरावा हवा आणि मीलनासाठी जवळीक हवी, असा हा पेच आहे.

या पेचातून सुटण्याचा सर्वांत जुना मार्ग पोलंडचे खगोलशास्त्रज्ञ बोहदान पाचिन्स्की यांनी १९७६ मध्ये सुचविला. त्या वेळी त्यांच्यापुढे कृष्णविवरांच्या जोड्या नव्हत्या. जवळजवळ फिरणारे लहान, विझलेले तारे होते. कल्पना मात्र येथेही लागू पडली. दोन जड तारे एकमेकांपासून पुरेसे दूर जन्मतात. त्यांतील थोरला आधी फुगतो आणि त्याचे बाहेरचे थर धाकट्याकडे ओढले जातात. थोरल्याचा उघडा पडलेला गाभा कोसळून पहिले कृष्णविवर होते. मग धाकट्याची पाळी येते. तो फुगतो आणि फुगता फुगता शेजारच्या कृष्णविवरालाच आपल्या उदरात घेतो. आता कृष्णविवर आणि ताऱ्याचा गाभा हे दोघेही एकाच वायूच्या आवरणात फिरत असतात. घट्ट पाकात पळी फिरवताना हाताला जसा विरोध जाणवतो, तसा विरोध त्या दोघांना होतो. त्यांची गती खुंटते, कक्षा आकसते आणि त्यातून निघालेली उष्णता व ऊर्जा ते आवरणच बाहेर भिरकावून देते. आवरण गेल्यावर मागे उरतात ते एकमेकांना बिलगलेले दोघे : एक कृष्णविवर आणि एक उघडा गाभा. तो गाभा पुढे कोसळला, की जोडी पूर्ण झाली. याला सामाईक आवरणाचा टप्पा म्हणतात.

वॉर्सा येथील क्षिश्तोफ बेल्चिन्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये २०१५ च्या त्या जोडीचे संभाव्य जीवनचरित्र याच मार्गाने मांडले. त्यांच्या गणितातील एक नमुना सांगतो. विश्वाचा जन्म होऊन सुमारे २०० कोटी वर्षे झाली असताना सूर्याच्या ९६ पट आणि ६० पट वस्तुमानाचे दोन तारे जन्मले. जेमतेम ५० लाख वर्षांत दोघांचीही कृष्णविवरे झाली. त्यानंतर हजार कोटी वर्षांहून अधिक काळ ती अंधारात एकमेकांभोवती फिरत राहिली आणि मग एकरूप झाली. ताऱ्यांचे आयुष्य म्हणजे त्या दीर्घ प्रतीक्षेपुढे निमिषमात्र. माझ्या गेल्या अंकातील ‘फिरत राहिली’ या दोन शब्दांत ही हजार कोटी वर्षे होती.

याच बेल्चिन्स्की यांनी २०१० मध्येच सहकाऱ्यांसह लिहून ठेवले होते, की नव्या वेधशाळांना प्रथम सापडतील त्या कृष्णविवरांच्या जोड्या. तेव्हा बहुतेकांची अपेक्षा न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोडीची होती. त्यांचा युक्तिवाद ताऱ्यांच्या घडणीवर उभा होता. खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून उरलेल्या सर्वच मूलद्रव्यांना धातू म्हणतात, प्राणवायूलाही. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी याबद्दल खगोलशास्त्रज्ञांना क्षमा करावी. ताऱ्यात हे धातू अधिक असतील, तर त्याचा स्वतःचाच प्रकाश त्याच्या पृष्ठभागावरील द्रव्याला बाहेर ढकलतो आणि तारा आयुष्यभर झिजत राहतो. आरंभीच्या विश्वात धातू अत्यल्प होते. तेथील तारे झिजले नाहीत. जड राहिले आणि जड कृष्णविवरे मागे ठेवून गेले. गणितात हा एक तपशील नीट धरला, एवढ्यावरून भाकीत पालटले आणि पाच वर्षांनी ते खरे ठरले. बेल्चिन्स्की हे गिर्यारोहकही होते. जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनातील अकोन्काग्वा शिखराच्या चढाईत त्यांचे निधन झाले.

सामाईक आवरणाची ही कथा ऐकायला इतकी सुबक आहे, की तिच्यातील दुबळा सांधा दिसत नाही. तो दाखविणे माझे कर्तव्य आहे. आवरण नेमके कसे फेकले जाते, याचे आरंभापासून शेवटपर्यंतचे विश्वासार्ह गणित आजही कोणाला जमलेले नाही. संगणकात लक्षावधी जोडताऱ्यांची आयुष्ये चालवून पाहताना या टप्प्यासाठी संशोधक एक आकडा हाताने घालतात : निघालेल्या ऊर्जेचा किती हिस्सा आवरण फेकण्याच्या कामी आला. तो आकडा थोडा बदलला, की एका गणितात जोड्या भरपूर जमतात आणि दुसऱ्यात जवळजवळ सगळ्याच आवरणातच विरघळून एक होतात. काही अभ्यासकांना तर आता वाटते, की या टप्प्याची गरजच नाही. धाकट्याकडून कृष्णविवराकडे द्रव्य संथपणे, स्थिर रीतीने वाहत राहिले आणि त्यातील बरेचसे बाहेर निसटले, तरी कक्षा पुरेशी आकसते. मला व्यक्तिशः हा संथ मार्ग अधिक पटतो. पण माझ्या पटण्याला येथे किंमत नाही.

मग प्रत्यक्षात काही पाहिले आहे की नाही? पूर्ण कथा कोणी पाहिलेली नाही. परंतु कथेतील सुटी पाने सापडत आहेत. वृश्चिक राशीत २००८ साली एक तारा अचानक भडकला. पोलंडच्याच खगोलशास्त्रज्ञांनी त्या भागाची छायाचित्रे वर्षानुवर्षे घेऊन ठेवली होती. ती उलगडून पाहिली तेव्हा दिसले, की भडकण्यापूर्वी तेथे दीड दिवसाहून कमी काळात एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे होते. त्यांचा प्रदक्षिणाकाल वर्षागणिक घटत गेला आणि शेवटी दोघांचा एक झाला. सामान्य, लहान तारे होते ते. तरी आवरणात बुडून एक होण्याची क्रिया माणसाने प्रथमच अशी टप्प्याटप्प्याने नोंदली. ही छायाचित्रे घेण्याचा प्रकल्प उभारणाऱ्यांत पाचिन्स्की होते. ते एप्रिल २००७ मध्ये वारले, भडक्याच्या सव्वा वर्ष आधी.

दुसरे पान २०२२ मध्ये मिळाले. आपल्या आकाशगंगेची शेजारीण असलेल्या मोठ्या मॅगेलॅनी मेघात, १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या २५ पट वस्तुमानाचा एक तारा दर १०.४ दिवसांनी एका अदृश्य जोडीदाराभोवती फेरी पूर्ण करतो. जोडीदाराचे वस्तुमान सूर्याच्या किमान नऊपट आहे. म्हणजे ते कृष्णविवरच. थोरला गेला आणि धाकटा अजून जिवंत आहे, अशी ही मधली अवस्था. विशेष असा, की ती कक्षा जवळजवळ पूर्ण वर्तुळ आहे. थोरला मोठ्या स्फोटाने फुटला असता, तर त्या धक्क्याने कक्षा लंबगोल झाली असती, कदाचित जोडी तुटलीही असती. वर्तुळ टिकले, याचा अर्थ तो फारसा गाजावाजा न करता आतल्या आत कोसळला. जोड्या का टिकतात, याचे उत्तर येथे थोडे मिळते.

त्याच मेघात २०१५ मध्ये एक निराळेच युगुल सापडले होते. प्रत्येकी सूर्याच्या जवळपास तीसपट वस्तुमानाचे दोन तारे एकमेकांना अक्षरशः चिकटून, सव्वा दिवसाहूनही कमी काळात एक फेरी घेत आहेत. अशा ताऱ्यांवरून दुसरा मार्ग सुचला. इतक्या जवळून फिरणारे तारे भरतीओहोटीच्या ओढीमुळे स्वतःभोवतीही फार वेगाने फिरतात. त्यामुळे त्यांच्या आतील द्रव्य ढवळले जाते. गाभ्यात तयार झालेला हेलियम वर येतो, वरचा हायड्रोजन खाली जातो आणि हळूहळू सगळा तारा एकजीव होतो. असा तारा फुगतच नाही! फुगलाच नाही, तर शेजाऱ्याला गिळण्याचा प्रश्न येत नाही. दोघे जन्मापासून जवळ राहतात, जवळच कोसळतात. या मार्गाने होणारी दोन्ही विवरे जड आणि जवळजवळ सारख्या वस्तुमानाची असतील. पेचाला बगल देण्याची ही युक्ती मोठी देखणी आहे. पण असे घडायला तारे अगदी विशिष्ट बेताचे लागतात आणि तसे किती असतील, याविषयी मतभेद आहेत.

तिसरा मार्ग तर पेचच नाकारतो. दोन विवरे एकत्र जन्मली, असे मानायचेच कशाला? उन्हाळ्याच्या आरंभी रात्री दक्षिणेकडे नरतुरंग तारकासमूहात, क्षितिजापासून फार उंच नाही, असा एक अंधुक ठिपका महाराष्ट्रातून साध्या डोळ्यांनी दिसतो. तो तारा नाही. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवरील तो एक गोलाकार तारकागुच्छ आहे आणि त्यात लक्षावधी तारे दाटीवाटीने राहतात. अशा गुच्छात निरनिराळ्या ठिकाणी झालेली कृष्णविवरे जड असल्यामुळे हळूहळू मध्याकडे उतरतात. तेथे तिघे एकत्र आले, की सुपात धान्य पाखडताना हलका कोंडा उडून जावा आणि जड दाणे मागे राहावेत, तसे बहुधा हलके ते बाहेर फेकले जाते आणि जड दोघांची जोडी राहते. पुढे येणारा प्रत्येक पाहुणा जाताना जोडीची थोडी ऊर्जा घेऊन जातो. जोडी आणखी घट्ट होते. वाचक भगिनींच्या शंकेतील ‘ओस अवकाश’ येथे ओस नसते.

याखेरीज तीन ताऱ्यांच्या कुटुंबात तिसऱ्याच्या ओढीने आतल्या दोघांची कक्षा लांबट होऊन ती जवळ येतात, असाही एक मार्ग आहे. दीर्घिकांच्या मध्याशी असलेल्या महाकाय विवरांभोवतीच्या वायूच्या तबकडीत लहान विवरे जोडीला लागतात, असे म्हणणारेही आहेत. त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

आता शंकेचा उत्तरार्ध : हे सारे ठरवायचे कशावरून? हाती आहे ती आयुष्याच्या शेवटच्या क्षणाची लहर. तरीही त्या लहरीत काही खुणा असतात. सर्वांत मोलाची खूण म्हणजे विवरांच्या स्वतःभोवती फिरण्याचा अक्ष. एकाच कुटुंबात वाढलेल्या दोन ताऱ्यांचे अक्ष साधारणपणे कक्षेला अनुसरून एकाच दिशेने असतात. गुच्छाच्या गर्दीत योगायोगाने भेटलेल्यांचे अक्ष वाटेल तसे कललेले असतात. आतापर्यंत दोनशेहून अधिक विलयनांच्या नोंदी झाल्या आहेत. एकेका जोडीबद्दल ठाम बोलता येत नाही, इतके हे मापन नाजूक आहे. समूह म्हणून पाहिले, तर दोन्ही प्रकारच्या खुणा दिसतात; अक्ष सगळेच सरळ नाहीत आणि सगळेच विस्कळीतही नाहीत.

दुसरी खूण वस्तुमानाची, आणि तिच्यामागे फ्रेड हॉईल यांचे नाव आहे. आपल्या जयंत नारळीकरांचे ते गुरू. हॉईल आणि विल्यम फाउलर यांनी १९६० च्या दशकात दाखविले, की अतिशय जड ताऱ्याच्या गाभ्यात तापमान इतके चढते, की प्रकाशकणांपासून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या जोड्या होऊ लागतात. ताऱ्याला सावरून धरणारा प्रकाशाचा दाब त्यामुळे घटतो, गाभा आकसतो, आतील प्राणवायू एकदम पेटतो आणि सबंध तारा उधळला जातो. मागे विवर उरतच नाही. म्हणून सुमारे पन्नास ते सव्वाशे सौरवस्तुमानांच्या दरम्यानची कृष्णविवरे ताऱ्यापासून थेट होऊ नयेत. सीमा नेमक्या कोठे आखाव्यात, यावर वाद आहे. पण रिकामी पट्टी असावी, हे बहुतेकांना मान्य होते.

आणि मग २१ मे २०१९ रोजी सूर्याच्या ८५ पट आणि ६६ पट वस्तुमानाची दोन विवरे एकरूप झाल्याची लहर आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर त्याहूनही जड, साधारण १४० आणि १०० सौरवस्तुमानांची जोडी सापडली; त्या दोघांचे स्वतःभोवतीचे भ्रमणही अतिशय वेगवान होते. ही विवरे कोणत्या ताऱ्यांची? एक उत्तर असे, की ती ताऱ्यांची अपत्ये नव्हेतच, नातवंडे आहेत. म्हणजे आधी दोन विवरांच्या मीलनातून एक झाले आणि त्याला पुन्हा जोडीदार मिळाला. मीलनातून झालेले विवर वेगाने भ्रमण करते, हे गणिताने कळते. त्यामुळे ती खूण जुळते. पण येथेही अडचण आहे. मीलनाच्या क्षणी नव्या विवराला बहुधा असा झटका बसतो, की लहान तारकागुच्छ त्याला धरून ठेवू शकत नाही. धरून ठेवायचे तर दीर्घिकेच्या मध्याशी असलेला फार दाट गुच्छ हवा. शिवाय हॉईल-फाउलर यांच्या रिकाम्या पट्टीची वरची-खालची सीमाच आपण चुकीची धरली असेल, अशीही शक्यता आहे. यावर सध्या जोरात वाद चालू आहे.

तर भगिनींना उत्तर असे : दोन कृष्णविवरे एकरूप होतात, हे शास्त्रज्ञ खात्रीने सांगतात, आणि ते सांगण्याचा त्यांना अधिकार आहे, कारण दोन, पुढे तीन स्वतंत्र वेधशाळांत तीच लहर उमटलेली आहे. ती जड ताऱ्यांपासून होतात, हेही बऱ्याच खात्रीने सांगतात. बहुतेक जड तारे जोडीनेच राहतात आणि त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक आयुष्यात कधी तरी जोडीदाराशी द्रव्याची देवाणघेवाण करतात, हे २०१२ मध्ये प्रत्यक्ष निरीक्षणांतून दिसले आहे. परंतु कोणत्या वाटेने किती जोड्या आल्या, हे विचाराल, तर निरनिराळ्या गटांच्या भाकितांत शेकडोपटींचा फरक पडतो. खात्रीचे आणि तर्काचे असे दोन्ही मी गेल्या अंकात एकाच सुरात सांगितले. ती चूक शास्त्रज्ञांची नव्हती, माझी होती.

या कामात महाराष्ट्राचा वाटा जुना आहे, हेही या निमित्ताने सांगितले पाहिजे. बाजाराच्या गोंगाटात ओळखीचा आवाज जसा कानाला कळतो, तशी यंत्राच्या खडखडाटातून ओळखीच्या आकाराची लहर वेचून काढावी लागते. त्यासाठी संभाव्य लहरींचे नमुने आधी गणिताने तयार ठेवावे लागतात. पुण्याच्या आयुका संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी यांनी या पद्धतीवर १९९० च्या सुमारास काम आरंभले. लहर सापडण्याच्या पंचवीस वर्षे आधी, जेव्हा ती सापडेल यावर पैज लावणारे थोडे होते. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथच्या परिसरात अमेरिकेतील वेधशाळांच्याच मापाची ‘लायगो-इंडिया’ उभी राहायची आहे. २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६०० कोटी रुपयांचा खर्च मान्य केला. जगाच्या या बाजूला आणखी एक कान मिळाला, की लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली, हे पुष्कळ नेमके कळेल. ती कोणत्या दीर्घिकेतून आली, तेथील तारे म्हातारे की तरुण, धातूंनी समृद्ध की गरीब, हे तपासता येऊ लागले, तर वर सांगितलेल्या वाटांपैकी काहींची निवड करणे सोपे जाईल. मराठवाड्यातील जी मुले आज शाळेत भूमितीचे पहिले प्रमेय शिकत आहेत, त्यांच्यापैकी कोणी तेथे रात्रपाळीला बसलेले असेल.

पत्राच्या शेवटी भगिनींनी आणखी एक गोष्ट विचारली होती : असे जड कृष्णविवर आपल्या अंगणातून दाखविता येईल का? दाखविता येणार नाही. त्याची जागा मात्र दाखविता येईल. आश्विन-कार्तिकातील स्वच्छ संध्याकाळी, अंधार पडल्यावर, डोक्यावरून किंचित पश्चिमेकडे श्रवण हा ठळक तारा दिसतो. तो गरुड तारकासमूहातला. त्याच गरुडात सुमारे दोन हजार प्रकाशवर्षांवर सूर्याच्या ३३ पट वस्तुमानाचे एक कृष्णविवर आहे. युरोपच्या ‘गाया’ उपग्रहाने जोडीदार ताऱ्याच्या डोलण्यावरून ते शोधले आणि एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. वस्तुमान जवळजवळ २०१५ च्या विवरांएवढेच आहे. त्याच्या जोडीच्या ताऱ्यात धातू अत्यल्प आहेत, म्हणजे बेल्चिन्स्की यांच्या युक्तिवादाला पुष्टी मिळते. पण तोच तारा आकाशगंगेने फार पूर्वी विस्कटून टाकलेल्या एका तारकागुच्छाच्या ओघात वाहत आलेला दिसतो. म्हणजे ती दोघे एकत्र जन्मली की गुच्छाच्या गर्दीत भेटली, हे येथेही सांगता येत नाही. एक फेरी पूर्ण व्हायला त्यांना ११.६ वर्षे लागतात. जोडीदार तारा सूर्याहून हलका आहे. त्याचे कधीच कृष्णविवर होणार नाही. गरुडातील ते विवर, बाहेरून कोणी भेटायला आले नाही तर, असेच एकटे राहील.